जेम्स औट्रम आणि बडोद्याची खटपट

चोपड्याहून तापी ओलांडून दक्षिणेस गेलें म्हणजे धरणगांव लागतें. सन १८२५ त तेथें जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या सेनाधिकाऱ्यानें भिल्लांची पलटण उभारण्यास आरंभ केला. इंग्रजांच्या फौजा ज्यांच्याशीं १८१८ पासून झगडत होत्या, त्यांच्यांतच तो मिसळला. त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारी केल्या, आणि त्यांसच शिपाई केलें.

पुढें १८४३ त सिंधमधील हैदराबादची रेसिडेन्सी त्यानें शौर्यानें राखली. परंतु सिंध खालसा करणें हा अन्याय होय, असें त्याचें मत पडलें, व सेनापति नेपियर यांच्याशीं त्याचें हाडवैर जडलें.

खरा वाद मात्र बडोद्याचा. १८४७ त तो तेथें रेसिडेंट झाला. मुंबईच्या कचेऱ्यांत पैसा चारला कीं वाटेल तें काम होतें, अशी बडोद्यांत सर्वांची समजूत! तिचा माग काढून त्यानें १८५१ त अहवाल धाडला. आपला नित्याचा ‘खटपट’ हा शब्द त्यामुळें इंग्रजी दप्तरांत शिरला, ही गंमतच म्हणावयाची. मुंबई सरकारास अहवालाची भाषा उद्धट वाटली, आणि लांच घेणारे राहिले बाजूस, औट्रमलाच बडोदें सोडावें लागलें. त्यानें विलायतेंत दाद मागितली; पार्लमेंटपुढें कागद गेले; १८५४ त तो पुन्हां बडोद्यास आला.

मात्र सिंधच्या अमिरांकरितां भांडणाऱ्या याच गृहस्थानें १८५५ त अयोध्येच्या कारभाराविरुद्ध अहवाल लिहिला, व पुढल्याच वर्षीं लखनौस जाऊन वाजिद अली शहाचें राज्य खालसा केलें. हुकूम डलहौसीचा होता खरा. पण या वेळीं औट्रमनें तक्रारीचा कागद लिहिला नाहीं.