मध्यस्थ की वशिला?



घरभेटी करताना एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘फादर, आमच्यासारख्यांचं देव कुठे ऐकतो? तुम्हीच आमच्यासाठी सांगा.’ कुणी प्रार्थना मागितली तर मी ती आनंदाने करतो. पण या वाक्यामागे देवाचे जे चित्र असते, ते मला अस्वस्थ करते. मोठे साहेब आत बसले आहेत, दार बंद आहे आणि आपला कागद पुढे सरकावा म्हणून आपण कुणीतरी ओळखीचा शोधत आहोत! रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत वशिला लावायची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की येशू ख्रिस्त ‘मध्यस्थ’ आहे असे ऐकताच मनात तोच अर्थ उमटतो. पिता कठोर, पुत्र दयाळू. पुत्राने शब्द टाकला तर पिता विरघळेल.

ही भीती जुनीच आहे. सिनाय पर्वतावरचा गडगडाट ऐकून इस्राएल लोकांनीही मोशेला हेच विनवले होते : तू आमच्याशी बोल, देव नको (निर्गम २०:१९).

ईयोबाची तक्रार मात्र वेगळी आहे. मुले गेली, गुरेढोरे गेली, अंगभर फोड उठले. त्याला देवाशी वाद घालायचा आहे. पण देव काही आपल्यासारखा माणूस नव्हे, की दोघांनी न्यायासनापुढे समोरासमोर उभे राहावे. तेव्हा ईयोबाला वाटते, आम्हा दोघांवरही हात ठेवील असा कुणीतरी मधे असता तर! (ईयोब ९:३२-३३). त्याला वशिला नको आहे. एक हात देवावर आणि दुसरा आपल्या फोड आलेल्या खांद्यावर ठेवू शकेल असा कुणीतरी त्याला हवा आहे.

असा हात कुणाचा असू शकेल? चौथ्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू अरियस याने एक सोपे उत्तर दिले. त्याच्या मते पुत्र हा पित्याहून कमी, पण इतर सर्व सृष्टीहून श्रेष्ठ. देवाने सर्वांआधी निर्माण केलेला. म्हणजे जिन्याची मधली पायरी. उत्तर सोयीचे आहे खरे. पण मधली पायरी वरच्या मजल्यावरही नसते आणि खालच्याही नसते. असा मध्यस्थ दोघांना जोडत नाही. दोघांच्या मधे आणखी एक तिसरा तेवढा उभा राहतो. इ. स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेने हे मत नाकारले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे जाहीर केले. मिस्सामध्ये विश्वासांगीकार म्हणताना आपण घाईघाईने उरकतो ते शब्द तिथले आहेत. (त्या परिषदेला १७०० वर्षे झाली म्हणून पोप लिओ चौदावे नोव्हेंबर २०२५ मध्ये मुद्दाम त्या ठिकाणी, आजच्या तुर्कस्तानातील इझनिक येथे, प्रार्थनेसाठी गेले होते.) पुढे ४५१ साली कॅल्सेडनच्या धर्मपरिषदेने दुसरी बाजू स्पष्ट केली : येशू पूर्ण देव आणि पूर्ण मानव आहे, तरी व्यक्ती एकच.

हे शब्द कोरडे वाटतील. पण ज्याला शिवायला कुणी धजत नव्हते त्या कुष्ठरोग्याला प्रभू येशूने हात लावला (मार्क १:४१), तेव्हा तो हात कुणाचा होता? सुताराच्या कामाने राठ झालेला तो माणसाचाच हात होता, आणि तोच देवाचाही होता. ईयोब ज्याची वाट पाहत होता तो हाच.

म्हणून पुत्र पित्याचे मन वळवतो ही कल्पनाच चुकीची आहे. पुत्राला धाडले कुणी? पित्यानेच, आणि जगावरच्या प्रीतीपोटी. अखेरच्या भोजनाच्या वेळी प्रभू शिष्यांना स्पष्ट सांगतो, की मी तुमच्यासाठी पित्याकडे मागेन असे मी म्हणत नाही, कारण पिता स्वतःच तुमच्यावर प्रीती करतो (योहान १६:२६-२७). ही दोन वचने घरी बायबल उघडून जरूर वाचा.

मग मरियामातेचे आणि संतांचे काय? दारावर येणारे काही प्रचारक आपल्या लोकांना तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील वचन दाखवतात : देव आणि मानव यांमध्ये मध्यस्थ एकच आहे (१ तीमथ्य २:५). वचन खरे आहे आणि ते आपलेही आहे. त्यांच्याशी भांडू नका; फक्त त्याच अध्यायाचे पहिले वचन वाचायला सांगा. तिथे सर्व माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना आणि मध्यस्थी करा असा बोध आहे. एकमेकांसाठी मागणे आणि मध्यस्थ एकच असणे, या दोन गोष्टी एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी नांदतात. आजारी शेजारणीसाठी तुम्ही रोझरी म्हणता, तेव्हा ख्रिस्ताला बाजूला सारता का? ख्रिस्ताचे अवयव म्हणून तुम्ही त्याच्याच प्रार्थनेत सामील होता. संत मरण पावले म्हणून त्या शरीरातून गळून पडलेले नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेवरील दस्तऐवजात हेच सांगितले : मरियेची माया ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीत काही भर घालत नाही आणि ती कमीही करत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये रोमने आणखी एक पत्रक काढले. मरियेला ‘सहतारिका’ म्हणणे योग्य नाही आणि ‘मध्यस्थ’ हा शब्दही तिच्याबाबतीत जपून वापरावा, असे त्यात आहे. काही भाविकांना ते लागले. मला वाटते, मरियेला ते लागले नसते. काना गावच्या लग्नात तिने नोकरांना आपल्या मुलाकडेच धाडले होते.

आज मिस्साच्या वेळी दोन गोष्टींकडे लक्ष द्या. द्राक्षारसात पाण्याचा एक थेंब पडतो तेव्हा धर्मगुरू हळू आवाजात एक प्रार्थना म्हणतो : जो आमच्या मानवपणात सहभागी झाला, त्याच्या देवपणात आम्हालाही सहभाग मिळो. तो थेंब म्हणजे तुम्ही. नंतर आभारप्रार्थनेच्या शेवटी ख्रिस्तशरीर आणि ख्रिस्तरक्त उंच धरून ‘ख्रिस्ताद्वारे’ पित्याला सर्व गौरव दिला जातो. त्यावरचा आमेन फादरांचा नाही. तो तुमचा आहे. आपल्या चर्चमध्ये मात्र तो मागच्या बाकांवरून जेमतेम ऐकू येतो.