आरोग्य प्रबोधन : स्त्रियांमधील केसगळती

केस विरळ होऊ लागल्यास अनेक भगिनी संकोचापोटी ती गोष्ट लपवितात व उपचारास विलंब होतो. यास्तव ही माहिती सादर करीत आहोत.

दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. गळती एकाएकी वाढल्यास मागील दोन-तीन महिने आठवावेत. बाळंतपण, टायफॉइड वा डेंग्यूसारखा ताप, शस्त्रक्रिया किंवा मोठा मानसिक आघात यांनंतर पुष्कळसे केस एकाच वेळी वाढ थांबवितात व पुढे गळतात. अशी गळती बहुधा सहा महिन्यांत थांबते. भांग हळूहळू रुंदावत जाणे हे मात्र बहुधा आनुवंशिक विरळतेचे लक्षण असते. त्यावर दीर्घकाळ उपचार लागतात.

लोहाची कमतरता व थायरॉइडचे विकार हीही कारणे होत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणून तेल बदलण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन, फेरिटिन व थायरॉइडची तपासणी करावी.

डिसेंबर २०२४ पासून बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत स्त्री-पुरुषांचे केस अचानक गळू लागले. आरंभी पाण्यावर संशय होता, पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात सेलेनियम अधिक व जस्त कमी आढळले. तपासणीविना कारण ठरवू नये, हाच यातील बोध.

केस गळणे हा स्त्रीचा दोष नव्हे. कुटुंबीयांनी तिला धीर देऊन वेळीच तपासणीस आणावे, ही नम्र विनंती.