जुळी भावंडे

सन १९८२ च्या जून महिन्यात अमेरिकेतील चित्रपटगृहांत एका आठवड्याच्या अंतराने दोन चित्रपट झळकले. ४ जून रोजी ‘पोल्टरगाइस्ट’ आला आणि ११ जून रोजी ‘ई. टी.’ आला. पहिला पाहणाऱ्यास त्या रात्री दिवा मालवण्याचे धैर्य होऊ नये, असा तो होता. दुसरा पाहणाऱ्याने रात्री मुद्दाम अंगणात येऊन आकाशाकडे पाहावे, असा तो होता. एक भयपट, तर दुसरा लहानथोरांनी एकत्र बसून पाहावा असा अद्भुतपट. वरवर पाहता दोहोंचे गोत्र अगदी निराळे. परंतु हे चित्रपट एकामागून एक पाहिले, की ते एकाच घरात वाढलेले आहेत, हे हळूहळू ध्यानात येऊ लागते.

‘ई. टी.’ ही ‘पृथ्वीबाहेरचा’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दाची संक्षिप्त अक्षरे आहेत. परग्रहावरून काही जीव वनस्पती गोळा करण्यासाठी कॅलिफोर्नियातील एका अरण्यात उतरतात. माणसांची चाहूल लागताच त्यांचे यान घाईघाईने निघून जाते आणि एक जीव मागे राहतो. एलियट नावाचा दहा वर्षांचा मुलगा त्याला आपल्या घरी लपवतो. त्याचा थोरला भाऊ मायकेल आणि धाकटी बहीण गर्टी या गुपितात सामील होतात. त्या जिवाला एकच ध्यास असतो, तो म्हणजे घरी परत जाण्याचा.

‘पोल्टरगाइस्ट’ हा शब्द जर्मन भाषेतील आहे. ‘पोल्टर्न’ म्हणजे आदळआपट करणे व ‘गाइस्ट’ म्हणजे पिशाच. तेव्हा वस्तू फेकणारे, भांडी वाजवणारे, गलका करणारे भूत, असा त्याचा अर्थ. फ्रीलिंग नावाच्या कुटुंबातील पाच वर्षांची कॅरोल अ‍ॅन एका वादळी रात्री घरातच नाहीशी होते. तिचा आवाज तेवढा ऐकू येतो. तिलाही एकच ध्यास आहे, तो म्हणजे घरी परत येण्याचा. एका कथेत परक्याला त्याच्या घरी पोचवायचे आहे, दुसरीत आपल्या मुलीला आपल्या घरी आणायचे आहे. एवढे साम्य योगायोगाने आले असते, तर नवलच म्हटले पाहिजे.

तो योगायोग नव्हता. या दोन्ही कथांचे मूळ एका जुन्या हकिगतीत सापडते. २१ ऑगस्ट १९५५ च्या रात्री केंटकी राज्यातील केली या गावाजवळच्या एका शेतघरातील माणसे धावतपळत जवळच्या हॉपकिन्सव्हिल येथील पोलीस ठाण्यावर आली. मोठ्या डोळ्यांच्या ठेंगण्या जिवांनी आपल्या घराला वेढा घातला आहे व आपण त्यांच्यावर बंदुका झाडल्या, असे त्यांनी सांगितले. पोलिसांनी त्याच रात्री शोध घेतला. तेथे परग्रहवासी कोणी मिळाला नाही. अंधारात उडणारी मोठी घुबडे त्या माणसांनी पाहिली असावीत, असे मत पुढे काही अभ्यासकांनी मांडले. ते बरोबर असेल, तर त्या गरीब पक्ष्यांवर मोठाच प्रसंग गुदरला म्हणावयाचा!

ही हकिगत स्टीव्हन स्पीलबर्ग या अमेरिकन दिग्दर्शकाच्या मनात घर करून राहिली. तिच्या आधाराने त्याने ‘नाइट स्काइज’ या नावाच्या चित्रपटाची योजना आखली व जॉन सेल्स या लेखकाकडून पटकथा लिहवून घेतली. घराला वेढा घालणारे क्रूर परग्रहवासी हा त्या कथेचा विषय. मात्र त्या टोळीतील एक जीव सौम्य असून तो घरातील एका मुलाशी मैत्री करतो, अशी तीत योजना होती. तो चित्रपट कधीच निघाला नाही. सन १९८० मध्ये स्पीलबर्ग दुसऱ्या एका चित्रपटासाठी ट्युनिशियाच्या वाळवंटात काम करीत असताना त्याने मेलिसा मॅथिसन या लेखिकेला त्या सौम्य जिवाची गोष्ट सांगितली. तीतून ‘ई. टी.’ ची पटकथा तयार झाली. मागे राहिला तो घराला पडलेला भयाचा वेढा. परग्रहवासीयांच्या जागी पिशाचे आली आणि तो वेढा ‘पोल्टरगाइस्ट’मध्ये अवतरला. एका न झालेल्या चित्रपटाची अशी वाटणी झाली. दोन्ही चित्रपटांचे चित्रण सन १९८१ मध्ये, एकापाठोपाठ एक झाले. ‘ई. टी.’ चे दिग्दर्शन स्पीलबर्गने स्वतः केले. ‘पोल्टरगाइस्ट’चा तो एक लेखक व निर्माता होता, दिग्दर्शक टोब हूपर. तथापि त्या चित्रपटातही स्पीलबर्गचा हात इतका दिसतो, की त्याचा खरा दिग्दर्शक कोण, या प्रश्नावर वाद घालणारे लोक अद्यापि थकलेले नाहीत.

आता त्या घरात डोकावून पाहू. दोन्ही चित्रपटांत कॅलिफोर्नियातील टेकड्यांच्या उतारावरील नवी वसाहत आहे. एकसारखी घरे, एकसारखे रस्ते, आणि सायकलींवरून हिंडणारी मुले. तिकडील घरांत मुलांच्या खोलीला लागून, भिंतीतच, कपडे व खेळणी ठेवण्याची एक लहानशी कोठडी असते. एलियट परक्या पाहुण्याला लपवतो तो याच कोठडीत. एकदा आई खोलीत येते आणि कोठडीचे दार उघडते. आत कापसाच्या प्राण्यांची रांग मांडलेली असते आणि त्या रांगेत ई. टी. निश्चल बसलेला असतो. आईची नजर त्याच्यावरून फिरते, परंतु तिला तो दिसत नाही. प्रेक्षागृहात हशा पिकतो. ‘पोल्टरगाइस्ट’मधील कोठडीचे दारही असेच उघडते, परंतु त्यातून डोळे दिपवणारा प्रकाश बाहेर येतो, खोलीतील सर्व वस्तू त्या दारातून आत ओढल्या जातात आणि पलंगाला घट्ट धरून बसलेली कॅरोल अ‍ॅनही त्यांच्यामागे खेचली जाते.

खेळण्यांचेही तसेच आहे. एलियटच्या घरी खेळणी पाहुण्याला आश्रय देतात. फ्रीलिंगांच्या घरी कॅरोल अ‍ॅनचा भाऊ रॉबी याच्या पलंगासमोर खुर्चीवर विदूषकाची एक बाहुली बसवलेली आहे. ती काहीही करीत नाही, नुसती हसत असते. रॉबीला मात्र तिच्याकडे पाहवत नाही. तो आपला अंगरखा तिच्यावर टाकून तिचे तोंड झाकतो. ज्याला लहानपणी खुंटीवरचा सदरा रात्री माणसासारखा दिसला असेल, त्याला रॉबीच्या मनाची स्थिती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. हे भय दिग्दर्शकाने कोठून तरी आणलेले नव्हते. लहानपणी स्पीलबर्गला खिडकीबाहेरच्या झाडाचे व कोठडीतील भिंतीच्या भेगेचे फार भय वाटे. ते झाड ‘पोल्टरगाइस्ट’मध्ये खिडकी फोडून आत येते. त्याचे आईवडील विभक्त झाले, तेव्हा आपल्याला एखादा निराळा, कोणालाही न दिसणारा सोबती असावा, असे त्याच्या मनाने घेतले. तो सोबती पुढे ई. टी. झाला. एका चित्रपटात आपल्या भीतीच्या गोष्टी आहेत व दुसऱ्यात आपल्या आवडीच्या, असे त्याने स्वतःच सांगितले आहे.

दूरचित्रवाणीचा संच ही तर दोन्ही घरांतील जणू आणखी एक व्यक्तीच आहे. गर्टी मुलांना अक्षरे शिकवणारा कार्यक्रम पाहत असते. तिच्यापाशी बसून ई. टी. पहिला उच्चार शिकतो. पाहुण्याला भाषा येऊ लागते ती अशी. ‘पोल्टरगाइस्ट’च्या काळी अमेरिकेत मध्यरात्रीनंतर राष्ट्रगीत वाजून कार्यक्रम बंद होत आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत. कॅरोल अ‍ॅन झोपेतून उठून त्या मुंग्यांपुढे बसते, पडद्याला हात लावते आणि कोणाशी तरी बोलू लागते. पलीकडून काय उत्तर येते, ते आपल्याला ऐकू येत नाही. ती नाहीशी झाल्यावर तिचा आवाज याच खरखरीतून येत राहतो, आणि तिची आई डायान संचापुढे गुडघे टेकून, भरल्या कंठाने त्याच्याशी बोलते. एका घरात त्या पेटीतून पाहुण्याला वाचा मिळते. दुसऱ्या घरात मुलगी गेलेली असते आणि वाचा तेवढी उरलेली असते.

अद्भुतपट म्हणजे नुसता गोडवा आणि भयपट म्हणजे नुसता थरकाप, अशी मात्र वाटणी येथे नाही. ‘ई. टी.’ मधील सर्वांत भयंकर प्रसंगात परग्रहवासी मुळीच नाही. तेथे माणसे आहेत. अंतराळवीरांसारखे पोशाख घातलेले सरकारी अधिकारी दारांतून व खिडक्यांतून एलियटच्या घरात शिरतात आणि सबंध घर पारदर्शक आच्छादनाने झाकून टाकतात. चित्रपटाचा बराचसा भाग मुलाच्या उंचीवरून चित्रित केलेला आहे. आईखेरीज बहुतेक मोठ्या माणसांचे चेहरे दीर्घकाळ दिसतच नाहीत. दिसतात ती त्यांची पावले, त्यांच्या विजेऱ्यांचे झोत आणि एकाच्या कमरेला खुळखुळणारा किल्ल्यांचा जुडगा. भुताची चाहूल दाखवताना भयपट जी युक्ती योजतो, तीच ही युक्ती.

उलट ‘पोल्टरगाइस्ट’चा आरंभीचा भाग खेळकर आहे. डायान स्वयंपाकघरात क्षणभर पाठ वळवते आणि पुन्हा वळून पाहते, तो सर्व खुर्च्या जेवणाच्या मेजावर एकावर एक रचलेल्या! (हे दृश्य मध्ये न तोडता सलग चित्रित केले आहे, कॅमेरा दुसरीकडे वळताच तेवढ्या अवधीत माणसांनी खुर्च्या मांडल्या.) ती घाबरून पळत नाही. एखादी वस्तू जमिनीवर ठेवली, की ती आपोआप सरकत जाते, हे कळताच ती त्याचा खेळ करते आणि मुलीलाही डोक्यावर शिरस्त्राण घालून सरकवते. अपरिचिताकडे पाहून प्रथम हसू यावे, ही गोष्ट भयपटात क्वचितच आढळते. वडील स्टीव्ह रॉबीला वादळाच्या रात्री एक उपाय शिकवतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजावेत. आकडा वाढत गेला, तर वादळ दूर चालले. हा उपाय खरा आहे. प्रकाश तत्क्षणी पोचतो, ध्वनीला मात्र एक किलोमीटर अंतर तोडण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. पहिल्या रात्री रॉबीचा आकडा वाढत जातो. दुसऱ्या रात्री तो कमी कमी होत जातो, आणि पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

मग या कथांत अपराधी कोण? ई. टी. कोणाचेही वाईट करीत नाही. त्याला बाधा होते ती भ्यालेल्या व अधीर माणसांमुळे. फ्रीलिंगांच्या घरातील पिशाचे तरी आपण होऊन आली काय? ज्या जमिनीवर वसाहत उभी आहे, तेथे पूर्वी दफनभूमी होती. घरे बांधणाऱ्याने थडग्यांवरील दगड हलवले आणि खालची प्रेते तशीच राहू दिली. घरे लवकर विकली जावीत, एवढाच त्याचा हेतू. स्टीव्ह त्याच मालकाकडे घरे विकण्याचे काम करतो, पण ही गोष्ट त्याला ठाऊक नसते. अंगणात पोहण्याच्या तलावासाठी खणलेल्या खड्ड्यातून अखेर त्या शवपेट्या वर येतात. तेव्हा स्टीव्ह मालकाची गचांडी धरून त्याला जाब विचारतो. भुतांवर ओरडून उपयोग नाही, ओरडायचे ते माणसावर, हे त्याला तेथे उमजलेले असते.

मुलीला परत आणण्याचे साहस मात्र आईच्या वाट्याला येते. कोठडीच्या दारातून आत टाकलेला दोर खालच्या दिवाणखान्याच्या छतातून बाहेर येतो, असा तो विलक्षण मार्ग आहे. डायान तो दोर कमरेला बांधून त्या प्रकाशात शिरते आणि मुलीला कवटाळून बाहेर येते. एलियट व त्याचे सोबतीही असेच जिवावर उदार होतात. सायकलींवर बसून, अर्धवट बांधलेल्या घरांच्या उघड्या जमिनीवरून धूळ उडवीत ते पाहुण्याला पळवून नेतात, आणि पुढचा रस्ता अडवलेला दिसताच सायकली अलगद आकाशात उचलल्या जातात.

संगीतातही ही जुळणी आहे. भयपटाला कर्कश संगीत असावे, अशी सर्वांची अपेक्षा. परंतु जेरी गोल्डस्मिथने कॅरोल अ‍ॅनसाठी मुलांच्या आवाजातील एक कोवळी अंगाई रचली. ‘ई. टी.’ च्या शेवटच्या भागासाठी जॉन विल्यम्सला दृश्यांच्या मापाने वाजवणे कठीण जाऊ लागले, तेव्हा स्पीलबर्गने पडद्यावरील चित्र बंद करून त्याला मोकळेपणाने वाजवू दिले आणि मग चित्रपटच संगीताच्या मापाने जुळवला. पुढे ऑस्कर पारितोषिकांच्या वेळी या भावंडांची गाठ पडली. संगीत, ध्वनिपरिणाम व दृश्यचमत्कृती या तीनच विभागांत ‘पोल्टरगाइस्ट’चे नाव होते, आणि तिन्ही ठिकाणी पारितोषिक ‘ई. टी.’ ने नेले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मात्र त्या वर्षी ‘गांधी’ या चित्रपटास मिळाला. त्याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी ऑस्कर मिळवले. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत.

‘ई. टी.’ च्या शेवटी यानाच्या दारापाशी तो जीव आपले प्रकाशमान बोट एलियटच्या कपाळाकडे नेतो आणि आपण येथेच असू, असे त्याला सांगतो. दार मिटते, यान वर जाते आणि मुलगा पाहत राहतो. ‘पोल्टरगाइस्ट’मध्ये जाते ते सबंध घर, ते आतल्या आत आकसून नाहीसे होते. थकलेले, भिजलेले फ्रीलिंग कुटुंब रात्री एका साध्या हॉटेलात उतरते. सर्वजण आत जातात, दार लागते. क्षणभराने ते पुन्हा उघडते. स्टीव्ह खोलीतील दूरचित्रवाणीचा संच ढकलत बाहेर आणतो, त्याला तेथेच गॅलरीत उभा करतो आणि आत जाऊन दार लावून घेतो.