जुन्या सायकलीचा जमाखर्च

बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून आपण रोज ये-जा करतो, पण त्या नावामागे एक सायकलचे दुकान आहे हे किती जणांना ठाऊक असेल? लक्ष्मणराव किर्लोस्कर हे आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवीत. बंधू रामुअण्णांच्या साथीने त्यांनी बेळगावात सायकलींचा धंदा मांडला. किर्लोस्कर समूह आपला जन्म १८८८ सालचा धरतो तो या दुकानापासून. एक सायकल सातशे ते हजार रुपयांना विकली जाई आणि ती चालवायला शिकवण्याची फी वेगळी पंधरा रुपये, असे सांगतात. त्या काळचे पंधरा रुपये! आज आपण सायकल शिकतो ती फुकट, फक्त गुडघे फोडून. पुढे या दुकानाच्या शेजारी कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर आले, आणि १९१० साली कारखाना बेळगाव सोडून कुंडलच्या माळावर गेला. तीच किर्लोस्करवाडी. योगायोग असा की, हवा भरलेला टायर डनलॉपने बेलफास्टमध्ये काढला तोही १८८८ सालीच.

एवढे सगळे मी वाचले ते गेल्या उन्हाळ्यात, आणि तेही आमच्या निपाणीच्या घरातल्या एका गंजक्या सायकलीमुळे.

माळ्यावर, तंबाखूच्या जुन्या बारदानाखाली ती उभी होती. मला समजू लागल्यापासून ती तिथेच होती आणि 'आजोबांची सायकल' एवढेच तिचे नाव होते. बाबांनी भंगारवाल्याला बोलावले. त्याने एका हाताने उचलून पाहिली, वीस किलो धरली आणि पाचशे रुपये सांगितले. हँडलच्या खाली नळीवर एक पितळी बिल्ला मला दिसला. अंगठ्याने पुसला तर लांब चोचीच्या बगळ्याचे डोके आणि खाली नॉटिंगहॅम, इंग्लंड. मी बाबांना म्हणालो, "पाचशे मी देतो, पण ही मला द्या." शिष्यवृत्तीचे पैसे होते. बाबा हसले आणि म्हणाले, "घे, पण अंगणात पसारा नको."

बगळ्याचे डोके ही रॅलेची खूण. जुनी सायकल ओळखायची तर आधी हा बिल्ला पाहावा. बी.एस.ए.वर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या असतात, कारण ती कंपनी मुळात बंदुका करणारी. आपल्या देशातही कारखाने लवकर निघाले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ पासून टी.आय. सायकल्स, आणि आसनसोलला सेन-रॅले. तेव्हा रॅले म्हटली की विलायती असे नव्हे, ती आसनसोलचीही असू शकते. बिल्ल्यावरचे गावाचे नाव वाचावे. हिंद आणि सेन-रॅले हे दोन्ही कारखाने तोट्यात जाऊन १९८० च्या कायद्याने सरकारकडे आले, आणि पुढे तेही टिकले नाहीत. सोनिपतच्या अ‍ॅटलसचा शेवटचा मोठा कारखाना बंद झाला तो ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी.

माझ्या सायकलीचे साल मात्र बिल्ल्याने नव्हे तर मागच्या हबने सांगितले. हब नेहमीपेक्षा जाड होता. मी चिंधीला डिझेल लावून घासत बसलो तेव्हा त्यावर स्टर्मी-आर्चर ही अक्षरे आली, आणि शेजारी ५१ व ८ हे आकडे. ५१ म्हणजे १९५१ आणि ८ म्हणजे ऑगस्ट. कारखाना असा शिक्का मारून ठेवी. हा तीन गिअरचा हब आहे. बाहेरून काही दिसत नाही, सगळी करामत आत. मधल्या गिअरला चाक साखळीच्या चक्राबरोबरच फिरते, वरच्याला एकास एक-तृतीयांशाने जास्त, आणि खालच्याला पाऊणपट. चढावर हा पाऊणपट गिअर उपयोगी. निपाणीहून संकेश्वरकडे निघाले की तवंदीचा घाट लागतो, तेव्हा ही सायकल घेणाऱ्याने विचार करून घेतली असावी, असे मला तेव्हाच वाटले. पण आमचे आजोबा किराणा दुकानातून क्वचितच बाहेर पडत. ही शंका मी तिथेच सोडून दिली. ती सोडायला नको होती.

आता कामाविषयी. वर्गमित्रांनी वेड्यात काढले, पण जुनी सायकल दुरुस्त करण्यासाठी हिंदुस्थानासारखा देश नाही. विलायतेत ज्या मापाचे टायर शोधून सापडत नाहीत, ते अठ्ठावीस इंची दीडचे टायर आपल्याकडे बाजारच्या दिवशी दोरीवर टांगलेले असतात, कारण आपली दूधवाल्यांची काळी सायकल अजून त्याच मापाची आहे. सळईचे ब्रेक, ब्रेकची रबरे, कॉटर पिना, छर्रे, सगळे मिळते. पुढच्या चाकाला बत्तीस तारा आणि मागच्याला चाळीस हा जुना इंग्रजी हिशेबही आपण सांभाळला आहे.

मात्र 'सगळे मिळते' या भरवशावर राहू नये. पायडलच्या दांड्याखालची वाटी झिजली होती. मी दुकानातून नवी आणली आणि पान्ह्याने आवळू लागलो. दीड फेरा गेली आणि अडली. मी पान्ह्यावर पाय ठेवणार इतक्यात मिस्त्रींनी हात धरला. "तडी तम्मा, जोर माडब्याड." थांब बाळा, जोर करू नकोस. हे मिस्त्री संकेश्वरकडचे, सत्तरीचे, आणि त्यांची शिकवण सगळी कन्नडमध्ये. त्यांनी जुनी वाटी आणि नवी वाटी आटे आट्यांत घालून उजेडासमोर धरल्या. ते बसेनात. इतर सायकलींना इंचात चोवीस आटे, रॅलेला सव्वीस. जोर केला असता तर वाटी बसली असती, पण सांगाड्यातले आटे कायमचे गेले असते. शेवटी मिस्त्रींनी जुनीच वाटी साफ करून, नवे छर्रे घालून बसवली.

हबचेही तसेच. मी तो मेला असे समजलो होतो. मिस्त्री म्हणाले, मेला नाही, झोपला आहे. आतले तेल वर्षानुवर्षे सुकून डिंकासारखे होते आणि आतले लहान खटके चिकटून बसतात. त्यांनी तेलाच्या छिद्रातून डिझेल सोडले, चाक दोन दिवस आडवे ठेवले, मधून मधून फिरवले. तिसऱ्या दिवशी आतून टिकटिक ऐकू आली. मग पातळ तेल. चाकाचा आउट काढला, साखळी बदलली. (आपल्या दुकानांवर 'ओव्हरऑइलिंग' लिहिलेले असते ते मुळात 'ओव्हरहॉलिंग'. पण तेलाचे महत्त्व पाहता चूक फारशी चूक वाटत नाही.)

चूक खरी केली ती मी, आणि मिस्त्री जवळ नसताना. सायकल नव्यासारखी काळी कुळकुळीत करायची या हौसेने मी पॉलिश पेपर घेऊन चेनकव्हर घासायला बसलो. गंजाखाली पिवळट रेघा दिसत होत्या त्या कारखान्याच्या असतील असे धरून चाललो. अर्धे कव्हर पांढरे झाल्यावर लक्षात आले की ती अक्षरे आहेत, आणि कन्नड आहेत. पेंटरकडून हाताने काढलेली. 'शि' एवढे एक अक्षर उरले होते. त्यापुढचे मी घासून टाकले होते.

पुण्यात कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली आपल्या जुन्या सायकलींचे संग्रहालय उघडले आहे. दुसऱ्या महायुद्धातली छत्रीधारी सैनिकांची घडीची बी.एस.ए. सायकलही त्यात आहे. ते मी आधी पाहिले असते तर कदाचित हात आवरला असता. चालती करणे वेगळे आणि नवी करणे वेगळे. छर्रे, टायर, रबर या झिजण्यासाठीच केलेल्या वस्तू आहेत, त्या बदलाव्यात. रंग, रेघा, बिल्ला, नाव हे एकदा गेले की गेले. गंज काढायचा तर तेल आणि चिंधी, आणि क्रोमवर पाण्यात भिजवलेला चांदीचा कागद पुरतो. पॉलिश पेपर घरातच आणू नये.

मी आजीला विचारले, "आजी, आजोबांच्या सायकलीवर कन्नड नाव कसं गं?" ती तांदूळ निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "ती आपली न्हवं रं. ठेवलेली हाय."

ठेवलेली, म्हणजे तारण. बाहत्तरच्या दुष्काळात घाटापलीकडच्या एका शाळामास्तरांनी ती आजोबांकडे ठेवून पैसे नेले होते. बाबांनाही हे नवे होते. आम्ही आजोबांच्या चोपड्या काढल्या. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण १९७२ ची वही शाबूत होती. मास्तरांचे नाव, गाव, आणि पुढे 'सायकल ठेवून रुपये १५०'. समोरची जमेची बाजू कोरी. नावाचे पहिले अक्षर 'शि'. पूर्ण नाव इथे छापत नाही, त्यांच्या घरच्यांना मी तसे विचारलेले नाही.

बाबा म्हणाले, "पन्नास वर्षं झाली. आता कुणाची म्हणायची?"

इथे मला आमच्या व्यापारी कायद्याच्या पुस्तकाची आठवण झाली, आणि परीक्षा नसताना मी ते उघडले याची नोंद सरांनी घ्यावी. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७२ तारण म्हणजे काय ते सांगते: कर्जाची हमी म्हणून वस्तू ताब्यात देणे. ताबा जातो, मालकी जात नाही. पैसे आले नाहीत तर कलम १७६ प्रमाणे तारण घेणाऱ्याला दावा लावता येतो किंवा रीतसर नोटीस देऊन वस्तू विकता येते. आजोबांनी दोन्ही केले नाही. आणि कलम १७७ म्हणते की मुदत टळून गेली तरी, वस्तू प्रत्यक्ष विकली जाईपर्यंत, तारण देणारा पैसे भरून ती सोडवू शकतो. मग मुदतीचा कायदा? तिथे अशा वस्तूसाठी तीन वर्षे आहेत, पण ती मोजायची मागणी नाकारल्याच्या दिवसापासून. मागणीच झाली नव्हती, तर नाकारणार कोण? म्हणजे माळ्यावर पन्नास वर्षे मास्तरांचीच सायकल उभी होती, आणि मी बाबांना पाचशे रुपये दिले ते ज्यांची नव्हती त्यांना. बाबांनी ते पाचशे त्याच संध्याकाळी परत केले.

माझा खर्च असा झाला होता: टायर-ट्यूब ११४०, छर्रे, पिना व रबरे ३१०, साखळी २८०, मिस्त्रींची मजुरी ९००, तेल-डिझेल-पेपर २३०. एकूण २८६०. हौसेने घेतलेली जुनी वस्तू चालू करण्याचा हा खर्च म्हणून मी तो भांडवली खर्चात धरला होता. आता प्रश्न असा की मालमत्ताच आपली नसेल तर तो धरायचा कुठे? कलम १७५ प्रमाणे वस्तू राखण्यासाठी झालेला विशेष खर्च तारण घेणाऱ्याला मागता येतो. मी बाबांना तसे सुचवून पाहिले. बाबा म्हणाले, "आणि नाव घासलंस त्याचं काय लावतोस?"

एका रविवारी मी सायकलवर निघालो, बाबा मागून मोटरसायकलवर. तवंदीच्या घाटात गिअरचा खटका खाली ओढला आणि सायकल पाऊणपटात गेली. मधल्या वळणावर दम गेला, उतरावे लागले, हे कबूल करतो. पण मास्तर हा घाट कसे चढत असतील ते पायांना कळले.

मास्तर १९८८ सालीच गेले. त्यांचे थोरले चिरंजीव ओट्यावर बसले होते, सत्तरीच्या आसपासचे. आम्ही कोण ते सांगायच्या आधीच ते उठले, मागचे चाक उचलून फिरवले आणि टिकटिक ऐकत उभे राहिले. "नम्म अप्पंद," एवढेच म्हणाले. आमच्या वडिलांची. लग्नात त्यांच्या आजोबांनी जावयाला दिलेली सायकल. ती ठेवून आणलेल्या पैशांचे धान्य आल्याचे त्यांना आठवत होते. मास्तर दोनदा पैसे घेऊन निपाणीला आले होते, पण दोन्ही वेळा वाटेतच औषधाला खर्ची पडले, आणि मग लाजेने त्यांनी निपाणीचा बाजारच सोडला. आजोबांनाही हे कधी कळले नसावे.

चेनकव्हराचे मी कन्नडमध्ये कसेबसे सांगितले. त्यांनी उरलेल्या अक्षरावरून बोट फिरवले. रागावले नाहीत, पण 'असू दे' असेही म्हणाले नाहीत. मी पेंटरकडून पुन्हा लिहून देतो म्हणालो, तर नको म्हणाले. एवढे अक्षर अप्पांच्या वेळचे आहे, ते तसेच राहू दे.

निघताना ते आत जाऊन दीडशे रुपये घेऊन आले. बाबा घेईनात, ते सोडीनात. मला कलम १७७ माहीत होते. मी बाबांना खूण केली आणि त्यांनी घेतले.

संध्याकाळी आजीने १९७२ ची वही माझ्यापुढे ठेवली. कोऱ्या बाजूला मी तारीख घातली आणि लिहिले: सायकल परत, रुपये १५० जमा.