जिल्हा कोर्टातला वकील आणि जगाची बार

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्याने आंतरराष्ट्रीय वकील संघटनेत कशाला जायचे, हा प्रश्न मला बार रूममध्ये वारंवार विचारला जातो. विचारणारी मुले-मुली हुशार असतात. वाटपाचे दावे, मनाई हुकूम, चेक बाउन्सच्या तक्रारी यांतच त्यांचा दिवस मावळतो. लंडन-पॅरिसच्या संघटनांशी आपला काय संबंध, असे त्यांना वाटणे साहजिक आहे. संबंध आहे आणि तो जवळचा आहे, हे मला काम करता करता उमगले. ते क्रमाने लिहितो.

1. आंतरराष्ट्रीय कायदा तालुक्यात कधीच येऊन पोचला आहे

दिंडोरी, निफाडची द्राक्षे न्हावाशेवाहून रॉटरडॅमला जातात. तिथून खरेदीदाराचा ईमेल येतो : मणीगळ झाली आहे, देठ सुकले आहेत, ठरलेला भाव मिळणार नाही. सोबत फोटो असतात. असाच एक बागायतदार माझ्याकडे आला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, माल पॅकहाउसमधून निघाला तेव्हा एक नंबर होता. आता इतक्या लांब जाऊन मी भांडू कसा?" त्याच्याजवळ एका पानाचा करार होता आणि त्यात शेवटी बारीक अक्षरात लिहिले होते की या कराराला नेदरलँड्सचा कायदा लागू राहील.

आपल्या अभ्यासक्रमात मालविक्री कायदा 1930 चा. पण नेदरलँड्सचा कायदा लागू केला की त्याच्या पोटात 1980 चा संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय मालविक्री करार येतो. भारताने त्यावर सही केलेली नाही, तरीही तो आपल्या शेतकऱ्याच्या व्यवहाराला लागू होऊ शकतो. ही गोष्ट मला मी सभासद असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या समितीतल्या एका डच वकिलाने समजावून दिली. त्याने कलम 38 आणि 39 वर बोट ठेवले. खरेदीदाराने माल शक्य तितक्या लवकर तपासला पाहिजे आणि दोष आढळला तर वाजवी मुदतीत कळवला पाहिजे. नाहीतर त्याची तक्रार करण्याची सोय जाते. द्राक्षासारख्या नाशवंत मालाला वाजवी मुदत ती किती असणार? या खरेदीदाराचा ईमेल माल बाजारात विकून झाल्यावर आला होता. कंटेनरमधल्या टेम्परेचर रेकॉर्डरचा आलेख आणि ईमेलची तारीख शेजारी शेजारी ठेवून आम्ही उत्तर पाठवले. पुढे तडजोड झाली आणि बागायतदाराच्या पदरात बरीच रक्कम पडली. ते उत्तर आमच्या लायब्ररीतल्या कोणत्याही पुस्तकात मला मिळाले नसते.

2. आपल्या जिल्ह्याचे नाव या शास्त्रात शंभराहून अधिक वर्षे आहे

परदेशी वकिलांच्या बैठकीत नाशिकची ओळख करून देताना मी सावरकर खटल्याचा उल्लेख करतो. 8 जुलै 1910 रोजी मार्सेच्या बंदरात भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून समुद्रात उडी घेतली, किनारा गाठला आणि फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केले, हे मराठी घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. पुढचा भाग वकिलांनाही फारसा माहीत नसतो. फ्रान्सच्या भूमीवर झालेली ही अटक बेकायदा होती का, यावर फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात वाद झाला. तो हेगच्या कायम लवाद न्यायालयापुढे गेला आणि 24 फेब्रुवारी 1911 रोजी निवाडा झाला. पकडण्यात अनियमितता झाली असली तरी कैदी फ्रान्सला परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असे लवादाने ठरवले. तोवर मुंबईत सावरकरांना शिक्षाही सुनावून झाल्या होत्या.

हा निवाडा प्रत्यार्पणाच्या पाठ्यपुस्तकांत आजही असतो. दोन बलाढ्य राष्ट्रे एका माणसाच्या स्वातंत्र्यावर भांडली आणि त्या लवादात त्या माणसाला स्वतःचे म्हणणे मांडायला जागाच नव्हती. माझ्या मते हा त्या निवाड्याचा सर्वांत मोठा दोष आहे. त्यानंतर 2019 मध्ये त्याच हेग शहरात, आंतरराष्ट्रीय न्यायालयात, मूळचे सांगलीचे कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणाचा निकाल लागला. तिथेही वाद राष्ट्राराष्ट्रांतलाच होता, पण अटकेतल्या माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क आहे, हे व्हिएन्ना करारातल्या कलम 36 च्या आधारे न्यायालयाने ठामपणे सांगितले. भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे धुळ्यात जन्मलेले. भगूर, सांगली, धुळे ही नावे हेगच्या दोन प्रकरणांना अशी जोडलेली असताना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

3. संघटना निवडताना आपले काम समोर ठेवा

सगळ्या संघटना एका धर्तीच्या नसतात. ब्रुसेल्समध्ये 1873 साली स्थापन झालेली इंटरनॅशनल लॉ असोसिएशन अभ्यासाकडे झुकलेली आहे. इंटरनॅशनल बार असोसिएशन 1947 ची, मुख्यालय लंडनला. तिथे व्यावसायिक वकिलांच्या विषयवार समित्या आहेत. आशिया-पॅसिफिकसाठी लॉएशिया आहे, 1966 ची. आणि दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयाच्या जवळच, कृष्ण मेनन यांच्या पुढाकाराने 1959 मध्ये उभी राहिलेली इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ आहे. सुरुवात दिल्लीपासून करावी, असे मी ज्युनिअरना सांगतो. खर्च आवाक्यातला, ग्रंथालय चांगले आणि विषयाचा पाया तिथे पक्का होतो.

4. वर्गणी भरून काही होत नाही, समितीत काम मागा

वर्गणी भरली की पावती येते, वार्तापत्र येऊ लागते. बहुतेक सभासदांचा संबंध तिथेच संपतो आणि मग तेच लोक सांगत फिरतात की या संघटनांत काही राम नाही. खरे काम छोट्या समित्यांत चालते. तिथे माणसे नेहमी कमी पडतात. बैठकीचे टिपण लिहायला, देशोदेशीच्या कायद्यांचा तक्ता भरायला, मसुदा वाचून शंका काढायला कोणीतरी हवेच असते. आपल्याकडे सीनियरच्या चेंबरमध्ये ज्युनिअर जसा आधी फाइल लावायला शिकतो आणि मग एक दिवस तारखेला उभा राहतो, तसाच हा रस्ता आहे. भारताच्या बाजूचे टिपण मी वेळेत आणि नीट दिले, तेव्हा पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी माझे मत नाव घेऊन विचारले. मोठ्या परिषदेत कार्ड वाटून हे साधत नाही. बैठका आता बहुतेक ऑनलाइन होतात. युरोपची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ, कोर्ट उठल्यानंतरची. प्रवासखर्चाची सबब त्यामुळे फारशी उरलेली नाही.

5. आपल्या जिल्ह्याचा प्रश्न घेऊन जा

नवा सभासद मोठमोठ्या विषयांवर बोलायला जातो आणि त्याचे बोलणे इतरांच्या बोलण्यात विरून जाते. आपण लासलगावचा कांदा घेऊन जावे.

डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे 2024 मध्ये उठली. मधल्या काळात ज्यांचे परदेशी खरेदीदाराशी करार झालेले होते त्यांनी काय करायचे? माल द्यावा तर कायदा मोडतो, न द्यावा तर करार मोडतो. या पेचावर आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे : नाफेड विरुद्ध अलिमेंटा, एप्रिल 2020. व्यवहार 1980 चा, पाच हजार टन शेंगदाण्याचा. काही माल गेला, उरलेला पाठवायला सरकारने परवानगी नाकारली. लंडनच्या लवादाने नाफेडविरुद्ध निवाडा दिला. चाळीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी बंदी असताना माल पाठवणे कायद्याच्या विरुद्ध ठरले असते, म्हणून हा परदेशी निवाडा भारताच्या सार्वजनिक धोरणाला बाधक आहे आणि तो इथे बजावता येणार नाही.

परदेशातल्या लवादतज्ज्ञांनी या निकालावर पुष्कळ टीका केली. त्यांचा एक मुद्दा मला पटतो. परदेशी निवाड्याची पुन्हा खोलात तपासणी करू लागलो, तर भारतीय व्यापाऱ्याच्या बाजूचे निवाडे बाहेर कोण मानेल? पण समितीत मी दुसरी बाजूही मांडली. निर्यातबंदी एका रात्रीत येते, तिची झळ निफाडच्या व्यापाऱ्याला आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या शेतकऱ्याला बसते, आणि जगातल्या छापील करारांतली कलमे या परिस्थितीचा विचार करून लिहिलेली नसतात. तेव्हा सगळे लक्ष देऊन ऐकत होते. कांद्याच्या लिलावात भाव कसा पडतो, खळ्यावर माल किती दिवस टिकतो, हे त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते. त्यानंतर मी स्थानिक निर्यातदारांच्या करारात निर्यातबंदीचे वेगळे कलम घालू लागलो : बंदी आल्यास काय, आगाऊ घेतलेल्या रकमेचे काय, माल बंदरात उभा असल्यास भाडे कोणाचे.

6. तिथे लिहिलेले इथे कायदा होते

2015 मध्ये आपल्या लवाद कायद्यात पाचवे आणि सातवे परिशिष्ट आले. लवाद निःपक्षपाती आहे की नाही, हे कोणत्या नातेसंबंधांवरून तपासायचे, याची ती यादी. ती बहुतांशी इंटरनॅशनल बार असोसिएशनच्या मार्गदर्शक सूत्रांवरून घेतलेली आहे. म्हणजे कुठल्याशा समितीत वकिलांनी एकत्र बसून लिहिलेला मजकूर आज सातपूर-अंबडच्या कारखानदाराच्या लवादात आपण आक्षेप म्हणून वाचतो. जिथे असे मजकूर तयार होतात तिथे जिल्ह्यातल्या वकिलांचा आवाज असलाच पाहिजे. नसला, तर मोठ्या शहरांतल्या मोठ्या फर्म आपल्या सोयीचे लिहितील आणि आपण ते पाळत बसू.

7. इंग्रजीचा धाक बाळगू नका

त्या बैठकांत ब्राझीलचा, तुर्कस्तानचा, जपानचा वकील असतो. कोणाचीच मातृभाषा इंग्रजी नसते. सोपे लिहा, मुद्दा आधी सांगा. लोक तेच मागतात.

8. पाटीवर लिहू नका

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 नुसार वकिलाने पाटीवर किंवा लेटरहेडवर आपण अमुक संघटनेचे सभासद आहोत असे लिहायचे नाही. अनेकांना हा नियम ठाऊक नसतो. त्यामुळे व्यवसायाची जाहिरात म्हणून कोणी संघटनेत येऊ पाहत असेल, तर त्याने येऊ नये. ओळख होते ती कामातून, आणि त्याला वेळ लागतो.

9. ओळखींचा मान राखा

गंगापूर रोडवरच्या एका घरी अमेरिकेतल्या कोर्टाचे समन्स कुरिअरने येते. आईवडील घाबरून ते घेऊन येतात. मुलाचा तिकडे घटस्फोटाचा दावा चालू असतो. भारत 2007 पासून हेगच्या समन्स बजावणी कराराचा भाग आहे आणि टपालाने समन्स बजावण्याला आपण हरकत नोंदवलेली आहे. रीतसर समन्स दिल्लीच्या कायदा मंत्रालयामार्फत जिल्हा न्यायालयाकडे येते आणि आपला बेलिफच ते घेऊन दारात जातो. त्यात लग्न हिंदू विवाह कायद्याखालचे असेल, तर तिकडचा हुकूमनामा इथे केव्हा मान्य होतो, याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये नरसिंह राव प्रकरणात घालून दिली आहे. पण तिकडे हजर व्हायचे की नाही, हा निर्णय अमेरिकेतल्या त्या राज्याचा कायदा समजल्याशिवाय घेता येत नाही, आणि घाईने घेतला तर मुलगा किंवा सून दोघांपैकी एकाचे वाटोळे होते.

अशा वेळी मी संघटनेतल्या ओळखीच्या वकिलाला दोन ओळी लिहितो. उत्तर येते, कारण नाशिकमधल्या जमिनीचा सातबारा किंवा वारस नोंद यावर त्यांनी विचारले तर मीही त्याच दिवशी उत्तर देतो. एक पथ्य मात्र पाळावे. एखादी शंका विचारणे वेगळे आणि संपूर्ण प्रकरण फुकट पाहायला लावणे वेगळे. काम मोठे असेल तर पक्षकाराला फी सांगून सरळ त्या वकिलाकडे पाठवावे.

10. शिकलेले बार रूममध्ये आणा

परदेशी फर्मचे वकील भारतात सल्ला द्यायला येणार का, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे चर्चा चालू आहे. 2018 च्या बालाजी निकालाने मर्यादित दार उघडले, बार कौन्सिलने 2023 मध्ये नियम केले. ते आले की सगळे काम मुंबई-दिल्लीला जाईल, अशी भीती मी ऐकतो. मला तसे वाटत नाही. द्राक्षाची बाग, पॅकहाउस, कांद्याची चाळ, कोर्टाचा बेलिफ, हे सारे इथे आहे आणि ते ओळखणारा वकीलही इथलाच लागणार आहे. त्याने फक्त तयार असायला हवे. त्या तयारीसाठी आमच्याकडे काही ज्युनिअर आता शनिवारी कोर्ट नसताना एकत्र बसून निर्यात करार वाचतात. त्यांतल्या दोघी समितीसाठी टिपणेही लिहू लागल्या आहेत.

नाशिक, निफाड, दिंडोरी, मालेगाव इथे सनद घेऊन उभ्या असलेल्या तरुण वकिलांना माझे सांगणे एवढेच आहे. या वर्षी एका संघटनेचे सभासद व्हा. एकच समिती निवडा. आपल्या तालुक्यातल्या एका खऱ्या प्रश्नावर दोन पाने लिहा आणि त्या समितीला पाठवा. मसुदा आधी कोणी वाचावा असे वाटले, तर कोर्ट सुटल्यावर मी बार रूममध्ये असतो, घेऊन या.