‘अ’, ‘द’ आणि आपला ‘ला’

युरोप परिषदेने २००१ साली भाषाशिक्षणाच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या मांडल्या. इंग्रजीची ‘अ’, ‘द’ ही उपपदे बहुतेक पाठ्यपुस्तके पहिल्याच पायरीवर उरकतात. मराठी मुलांच्या वह्यांतली लाल शाई मात्र पुढेही संपत नाही.

मी सुरुवात मराठीतूनच करतो. ‘मी मुलगा शोधतोय’ म्हणणारा बाप लेकीसाठी स्थळे पाहतो आहे. ‘मी मुलाला शोधतोय’ म्हणणारा शिपाई हरवलेल्या ठरावीक पोरामागे आहे. बापाचा ‘अ बॉय’, शिपायाचा ‘द बॉय’. मुले हे लगेच हेरतात.

निर्जीव कर्माला ‘ला’ सहसा लागत नाही. ‘पुस्तक आण’मधले पुस्तक कोणते, हे संदर्भच सांगतो. ते ए-२चे काम. ‘लाइफ इज हार्ड’मध्ये ‘द’ नको, ‘द लाइफ ऑफ अ पोएट’मध्ये हवा, हे मी बी-२आधी काढतच नाही.