मक्यात उडीद-मूग घेताय? तणनाशक आधी ठरवा

सिल्लोड-कन्नडपासून येवला-मालेगावपर्यंतच्या मक्याच्या पट्ट्यात खरिपाची तयारी सुरू होते, तेव्हा घरच्या डाळीपुरता उडीद किंवा मूग मक्यातच टाकावा, असा विचार बरेच जण करतात. विचार चांगला आहे. तो फसतो तो बहुतेक वेळा पेरणीनंतरच्या दोन दिवसांत, फवारणीचा पंप पाठीवर घेतला की.

मक्यासाठी सवयीने वापरले जाणारे अ‍ॅट्राझीन रुंद पानांच्या रोपांना मारते, आणि उडीद, मूग, चवळी ही सगळी रुंद पानांचीच. उगवणीनंतर मारायचे टेंबोट्रिऑन किंवा २,४-डी हीसुद्धा आंतरपिकाला चालत नाहीत. आंतरपीक घ्यायचे ठरले की ही तिन्ही त्या शेतापुरती विसरा. पेरणीनंतर उगवणीपूर्वी, जमिनीत ओल असताना पेंडीमिथॅलीन वापरा. मात्रा लेबलवर पाहा. पुढचे तण कोळपणी-खुरपणीने काढायचे. मजूर मिळणारच नसेल, तर सरळ एकटा मका घेतलेला बरा.

पेरणी ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन ओल खोलवर गेल्यावरच करा. मका आणि उडीद, मूग किंवा चवळी यांच्यासाठी ६:३ ओळींचे प्रमाण रूढ आहे. लहान रानात जोडओळ सोयीची पडते: मक्याच्या दोन ओळींत ४५ सें.मी., मग ९० सें.मी.चा पट्टा, आणि त्या पट्ट्यात ३० सें.मी.वर उडदाच्या दोन ओळी. मक्याची दोन रोपे २० सें.मी.वर ठेवली की एकट्या मक्याइतकीच ताटे बसतात. उडदाचे बियाणे एकरी तीन किलोच्या आसपास लागते. मका आणि उडीद एकाच दिवशी पेरा. आठवडाभर मागे पडलेला उडीद मक्याच्या सावलीत नुसता उंच वाढतो, शेंगा धरत नाही. वाण बुटका, सरळ वाढणारा आणि ६५-७५ दिवसांत निघणारा हवा. वेल जाणारी चवळी ताटांवर चढते आणि वारा आला की मका घेऊन आडवी होते.

कडधान्य आहे म्हणून मक्याचा युरिया कमी करू नका. गाठींतले नत्र याच हंगामात मक्याला फारसे मिळत नाही. मुळे आणि पाला कुजल्यावर त्याचा फायदा पुढच्या पिकाला होतो. युरिया मक्याच्या ओळीलगतच द्या, कारण उडदाच्या बुडाशी नत्र जास्त झाले की गाठी कमी येतात. बियाण्याला रायझोबियम, १० किलोला २५० ग्रॅम, न चुकता चोळा. साधारण महिन्याने एक रोप मुळासकट हलकेच उपटा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर असेल तर गाठ काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर तिचा काही उपयोग नाही.

२०१८ साली कर्नाटकातून भारतात पहिल्यांदा नोंदली गेलेली अमेरिकन लष्करी अळी आता आपल्याकडे दरवर्षीची पाहुणी झाली आहे. मक्यात कडधान्याचे आंतरपीक घेण्याची शिफारस तिला रोखण्यासाठीही केली जाते. पण उडीद आहे म्हणून निर्धास्त राहू नका. उगवणीपासूनच पोंगे तपासा. पानावर खरवडल्यासारखे पांढुरके पट्टे आणि पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसली, तर फवारा नेमका पोंग्यात सोडा. शेजारी भाजीची चवळी असेल, तर औषधाच्या लेबलवरचा प्रतीक्षा काळ संपेपर्यंत शेंग तोडू नका, विकायला नाही आणि घरच्या भाजीलाही नाही.

उडीद-मुगात पिवळ्या मोझॅकची झाडे दिसली की लगेच उपटून काढा. हा रोग पांढरी माशी पसरवते. शेंगा काळ्या पडू लागल्या की उघडीप मिळेल तशी तोडणी उरका. मका अजून रानात उभा असतो, त्याला घाई नाही. पावसात भिजलेला उडीद मात्र शेंगेतच उगवतो आणि बाजारात त्याला भाव मिळत नाही.